घडीच्या चाकूचं पातं किती हललं तर चालेल?



नागपूर, काटोल, वरुड या भागात संत्र्याच्या बागा आणि रोपवाटिका भरपूर. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायला अनेक जण घडीचा चाकू वापरतात. विकत घेताना मात्र आपण धार आणि किंमत पाहतो, सांधा पाहत नाही. पातं जरा हललं की कुणी "माल खराब" म्हणतो, कुणी "चालतं हो" म्हणून खिशात टाकतो. यात खरं काय, ते पाहू.

पातं हलतं कशामुळे?
पात्याच्या मुळाशी एक भोक असतं. त्यातून खिळा जातो आणि दोन्ही बाजूंना मुठीच्या पट्ट्या येतात. पातं फिरायचं तर मध्ये थोडी फट हवीच. अजिबात फट नसेल तर चाकू उघडणारच नाही. म्हणजे थोडी ढिलाई हा दोष नाही, ती सांध्याची गरज आहे.

दहावीचं गणित इथे कामी येतं
समजा, वॉशरची रुंदी 8 मिमी आहे आणि खिळ्यापासून टोकापर्यंतचं अंतर 80 मिमी. सांध्यात 0.1 मिमी फट असेल, तर समरूप त्रिकोणांनुसार टोक एका बाजूला साधारण दहापट, म्हणजे 1 मिमी सरकेल. म्हणून जेवढं पातं लांब आणि सांधा अरुंद, तेवढं टोक जास्त डुगडुगतं.

हलण्याचे दोन प्रकार
1. आडवं (डावी-उजवीकडे) : खिळा किंवा वॉशर ढिला. स्क्रू असेल तर थोडा आवळून बसतो. ठोकलेला खिळा असेल तर घरी दुरुस्त होणं अवघड.
2. उभं (धार-पाठीच्या दिशेने) : लॉक नीट बसत नाही किंवा झिजलं आहे. हे जास्त धोक्याचं. लॉक सुटलं तर पातं थेट बोटांवर मिटतं.

काही चाकूंना लॉक नसतंच, फक्त स्प्रिंग पातं धरून ठेवते. अशा चाकूने टोचण्याचं, खुपसण्याचं काम करू नये.

दुकानात काय पाहाल?
- पातं पूर्ण उघडा, बोटं धारेच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पाठीकडून हलकेच हलवून बघा.
- मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का? एका बाजूला घासत असेल तर घेऊ नका.
- स्क्रू आहे की ठोकलेला खिळा, हे विचारा.

स्वस्त चाकूत थोडं आडवं हलणं अपेक्षितच आहे. भाजी, फळं, सुतळी कापायला त्याने अडत नाही. लॉकच्या चाकूत उभं हलणं मात्र कुठल्याही किमतीत स्वीकारू नका. डोळा भरायच्या चाकूला आडवी ढिलाईही नको. काप सपाट आला नाही, तर खुंटाचा आणि डोळ्याचा सालीखालचा वाढता थर एकमेकांना चिकटत नाही, डोळा वाळतो आणि मेहनत वाया जाते.

आणखी एक. स्क्रू फार आवळला तर पातं जड होतं, उघडताना जोर लागतो आणि हात सटकतो. आवळण्याआधी चीक, माती पुसून तेलाचा एक थेंब टाका. साचलेल्या मळामुळे ढिलाई झाकली जाते, म्हणून तपासणी साफ केल्यावरच करा.

वर्गातला उपक्रम
वर्गात चाकू नको. कंपासपेटीतला कंपास पुरे. सांधा ढिला असलेल्या आणि घट्ट असलेल्या कंपासने 5 सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढायला सांगा. सुरुवात आणि शेवट जुळतो का? किती मिमी चुकतो? मुलं मोजून वहीत लिहितील आणि आपापसात कारण शोधतील.

मुलांना एवढं कळलं तरी पुरे : वस्तू घेताना "हलतं का?" एवढंच विचारू नये, "कुठल्या दिशेने हलतं आणि त्याने काय बिघडेल?" हेही विचारावं.