सोन्याच्या मुलखातले फ्रेंच लोक

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. १८४८ सालच्या जानेवारीत तेथे लाकूड कापायची गिरणी उभी राहत होती. तिच्या पाटात मार्शल नावाच्या सुताराला पिवळे खडे दिसले. ते सोने होते. अशी बातमी लपून राहते होय! जगभरची माणसे तिकडे धावली. किनाऱ्यावरचे सॅन फ्रान्सिस्को हे तेव्हा हजारभर वस्तीचे गाव. १८४९ साल संपेपर्यंत तिथे वीस हजारांवर माणसे झाली. घरे कुठून असणार? पुष्कळ लोक तंबूतच राहिले.

त्यांत फ्रान्स देशाचे लोकही होते. ते इतक्या लांब का गेले? १८४८ साली फ्रान्समध्ये राजाला गादीवरून काढले. नव्या सरकारने बेकारांसाठी कामे काढली आणि चार महिन्यांत ती बंद केली. मजूर चिडून उठले. पॅरिस शहरात हजारो माणसे मेली.

मग १८५० साली एक सोडत निघाली. तिकीट एक फ्रँक, म्हणजे तिकडचा एक रुपया म्हणा. पहिले बक्षीस चार लाख फ्रँकांची सोन्याची लगड! जमलेल्या पैशातून गरिबांना कॅलिफोर्नियाला फुकट पाठवायचे असे ठरले. तीन हजारांहून जास्त माणसे अशी गेली. आम्हाला विचाराल तर, हा काही निव्वळ धर्म नव्हता. बंड करणारी माणसे देशाबाहेर गेली तर सरकारला बरेच होते.

जहाजाचा प्रवास पाच-सहा महिन्यांचा. पोचल्यावर खरे कष्ट सुरू होत. नदीच्या गार पाण्यात उभे राहायचे. थाळीत वाळू आणि पाणी घेऊन ती गोल हलवायची. वाळू वाहून जाते, जड सोने तळाशी राहते. सुपात धान्य पाखडतो ना, तसाच हा प्रकार. पण दिवसभर राबून कधी चिमूटभर मिळे, कधी तेही नाही.

भाषेचीही अडचण होती. इंग्रजी कोणी बोलले की फ्रेंच माणूस शेजाऱ्याला विचारी, "केस किल दी?" म्हणजे "तो काय म्हणतो?" हे इतक्यांदा कानी पडे की अमेरिकन लोक त्यांना 'केस्किदी' म्हणू लागले. हे चिडवणे सोसता आले असते. पण १८५० साली परदेशी खाणवाल्यांवर महिन्याला २० डॉलर कर बसला. एवढा पैसा आणायचा कोठून? सोनोरा गावी फ्रेंच, मेक्सिकन, चिली देशाचे असे सारे एकत्र जमून कराविरुद्ध उठले. पुढल्या वर्षी तो कर रद्द झाला. तोवर कितीतरी जण खाण सोडून शहरात परतले होते.

शहरात त्यांनी मिळेल ते काम धरले. कोणी कपडे धुतले, कोणी बुटांना पॉलिश केले, कोणी खानावळ घातली. व्हर्दिये नावाच्या भावांनी १८५० साली जहाज भरून माल आणला आणि जहाजावरच विकला. पुढे त्यांचे मोठे दुकान झाले. बूदँ नावाच्या घराण्याने १८४९ साली पावाची भट्टी घातली. त्यांचा पाव आंबट. दह्याला विरजण लावतात तसा जुन्या आंबलेल्या पिठाचा गोळा नव्या पिठात घालायचा. १९०६ साली भूकंप होऊन शहर जळाले, तेव्हा घरच्या बाईने ते पीठ बादलीत घालून वाचवले असे सांगतात.

पण आजारी पडले तर काय? आई-बाप, भाऊबंद सारे समुद्रापार. दवाखान्याचा खर्च झेपणारा नाही. तंबूत तापाने फणफणणाऱ्याला पाणी कोण देणार? म्हणून १८५१ साली फ्रेंच लोकांनी परस्परांच्या मदतीसाठी मंडळ काढले. धडधाकट असताना प्रत्येकाने वर्गणी द्यायची. अंथरूण धरले की औषधपाणी मंडळ पाही. त्यांनी आपले इस्पितळही उभे केले. ज्याला नदीत सोने सापडले नाही, त्यालाही तिथे खाट मिळे. हे इस्पितळ शंभराहून जास्त वर्षे चालले.