चार दिग्दर्शक, एक चित्रपट : गुण कसे द्यायचे?



‘चित्रपट कसा वाटला?’ असं विचारलं की पोरं म्हणतात, ‘मस्त!’ नाहीतर ‘बोअर!’ रसग्रहण तिथंच संपतं. मुलांना नेमकं बोलतं करायला २०१५ चा ‘बायोस्कोप’ फार उपयोगी आहे.

यात चार लघुपट आहेत. गजेंद्र अहिरे यांचा ‘दिल-ए-नादान’, विजू माने यांचा ‘एक होता काऊ’, गिरीश मोहिते यांचा ‘बैल’ आणि रवी जाधव यांचा ‘मित्रा’. प्रत्येकामागे एक कविता आहे : अनुक्रमे गालिब, सौमित्र, लोकनाथ यशवंत आणि संदीप खरे यांची. ‘मित्रा’ला तेंडुलकरांच्या कथेचाही आधार आहे.

आता प्रश्न असा, की तिकीट एकच, मग चारही भाग सारखे का वाटत नाहीत?

१. वेळ थोडा असतो. अर्ध्या तासात एक भावना नीट मावते, अख्खं आयुष्य कोंबलं की घाई दिसते.
२. सूर बदलतो. एका गोष्टीत मन रमतं न रमतं, तोच दुसरी सुरू होते.
३. शेजार नडतो. चांगल्या भागाशेजारी साधा भाग अधिकच फिका दिसतो.

कृष्णधवल ‘मित्रा’ला २०१४ साठीचा सर्वोत्कृष्ट लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो त्या एकट्या भागाला. परीक्षकांनी चौघांची सरासरी काढली नव्हती!

आणि आपण काय करतो? गटप्रकल्पाला सरसकट एकच गुण देतो. ज्यानं मन लावून काम केलं तो झाकला जातो, आणि जो अडखळला त्याला कुठं अडखळला हे कधी कळतच नाही. आपल्या सावलीकडच्या धानाच्या बांध्या बघा. पाऊस एकच, पण प्रत्येक बांधीचं पीक वेगळं. शेतकरी प्रत्येक बांधीत उतरून बघतो.

कृती : आधी चित्रपट स्वतः पाहा आणि मुलांच्या वयाला साजेसा भाग निवडा. शेतकऱ्याच्या हलाखीवरचा ‘बैल’ आपल्या मुलांना जवळचा वाटेल. मग प्रत्येकानं तीन वाक्यं लिहावी : काय भिडलं? काय कमी पडलं? का?

‘का’चं उत्तर आलं, की रसग्रहण सुरू झालं समजा. हेच तीन प्रश्न पुढच्या गटप्रकल्पात प्रत्येक मुलाच्या कामालाही लावून पाहा.