लक्ष नाही म्हणण्याआधी कान तपासा

"लक्षच नसतं त्याचं," अशी तक्रार बालवाडीतून येऊ लागली की घरात आधी मोबाइलची चर्चा होते, मग लाडांची. आमच्याकडेही झाली. पुढे एका समुपदेशकांनी अतिचंचलतेची शंका बोलून दाखवली, पण कानांबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

कानांची शंका आली ती सासूबाईंना. संभाजीनगरचा उन्हाळा, हॉलमध्ये कूलर घरघरतोय. तो चालू असला की नातू हाकेला ओ देत नाही; लाइट गेली, कूलर थांबला की लगेच वळतो. मुलाच्या बाबांनी पाठीमागे टाळी वाजवून पाहिली. मुलगा वळला. पण टाळीवर विसंबू नका. टाळी बोलण्यापेक्षा कितीतरी मोठी असते, थोडं कमी ऐकणारं मूलही तिला वळतं. त्याच्याकडून निसटतात ते स, श, फ असे बारीक आवाज, तेही गोंगाटात. उरलेला शब्द ते अंदाजाने भरतं आणि अंदाज चुकला की आपण म्हणतो, लक्ष नव्हतं.

घाटी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात त्याची खेळातून श्रवणचाचणी झाली. कानांवर हेडफोन, हातात ठोकळा. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. सुरुवातीला ठोकळे पटापट पडले. आवाज बारीक होत गेला तसा हात डब्यावर थांबला, नजर ऑडिओलॉजिस्ट ताईंच्या चेहऱ्यावर. इतकं लक्ष देऊन बसलेलं मूल मी क्वचितच पाहिलंय. नंतर कानात मऊ बोंडी घालून हवेचा दाब बदलत टिम्पॅनोमेट्री केली. आलेख सपाट आला: पडद्यामागे पाणी साठलं होतं. सर्दी आणि वाढलेले अ‍ॅडेनॉइड असलेल्या मुलांत हे फार आढळतं. बरेचदा ते आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर साधारण तीन महिने थांबून पुन्हा तपासतात. टिकून राहिलं तर पुढचा उपचार ठरवतात.

तपासणी करावी की नाही, यावर माझ्या मते फार खल करूच नये. सुई नाही, दुखणं नाही. मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, कान वाहिला असेल, बोलणं उशिरा आलं असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर मुळीच थांबू नका. जन्मल्यावर केलेली चाचणी चांगली आली होती, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ऐकणं नंतरही कमी होतं. ठोकळ्यांचा खेळ न समजणाऱ्या लहानग्यांसाठी ओएई आणि झोपेत करायची बेरा चाचणी असते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांच्यासमोर ऐकण्याचा विषय तुम्हीच काढा.

कान निर्दोष निघाले तरी लक्षाचा प्रश्न तिथे संपत नाही. कधी दोन्ही अडचणी एकत्रही असतात. अतिचंचलतेचं निदान करताना मूल घरी आणि शाळेत, निदान सहा महिने कसं वागतंय हे पाहावं लागतं. बालमानसोपचार तज्ज्ञांकडे जाताना श्रवणचाचणीचा अहवाल सोबत न्या. तोवर बाईंना सांगून मुलाला पुढच्या बाकावर, पंख्याच्या घरघरीपासून लांब बसवा, आणि सूचना देताना त्याच्या समोर येऊन, आधी नाव घेऊन बोलायला सांगा.