पातळ फोनचा मोह

प्रश्न : दुकानात आयफोन एअर हातात घेतला आणि मोहच पडला. इतका पातळ फोन रोजच्या वापराला घ्यावा का?

उत्तर : मोह पडावा असाच तो आहे. जाडी ५.६ मिलिमीटर, वजन १६५ ग्रॅम; साडेसहा इंची पडदा असूनही हाताला भार जाणवत नाही. चौकट टायटॅनियमची, त्यामुळे मजबुतीची मला फारशी काळजी वाटत नाही. अडचण वेगळी आहे. मागे कॅमेरा एकच. अल्ट्रावाइड नसल्याने छोट्या खोलीतल्या बारशाला सगळे नातेवाईक एका फोटोत मावणार नाहीत. आवाजही फक्त वरच्या स्पीकरमधून येतो. शिवाय केवळ ई-सिम. फोन बिघडला तर कार्ड काढून जुन्या फोनमध्ये घालण्याची सोय नाही. घरच्या फोटोंची हौस असेल तर आयफोन १७ घ्या. तो स्वस्तही पडेल.