विद्यार्थ्यांचा परदेशप्रवास : त्याचा लाभ व त्याच्या अटी

भूगोलाच्या पुस्तकांतून एखाद्या देशाची राजधानी, नद्या व पिकें पाठ केलीं म्हणजे तो देश आपणांस कळला, असा विद्यार्थ्यांचा समज सहज होतो. उलटपक्षीं, विमानांत बसून आठ दिवसांत तो देश पाहून आलें म्हणजे तो कळला, असें पुष्कळ पालकांस वाटतें. हे दोन्ही समज अपुरे आहेत, असें आमचें मत आहे. शाळेबरोबर मुलास परदेशीं पाठवावें कीं नाहीं, हा प्रश्न अलीकडे अनेक घरीं निघतो. खर्च मोठा, मुलाचें वय लहान, आणि मागें काळजी आईबापांस. म्हणून या प्रवासाचें खरें मोल कशांत आहे, याचा येथें थोडा विचार करूं.

प्रवास हा शिक्षणाचा भाग आहे, हा विचार नवा नव्हे. मोराव्हियांतील थोर शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस (१५९२–१६७०) यानें आपल्या शिक्षणयोजनेंत जन्मापासून चोविसाव्या वर्षापर्यंत सहा-सहा वर्षांचे चार विभाग केले. पहिला आईजवळचा, दुसरा मातृभाषेच्या शाळेचा, तिसरा लॅटिन शाळेचा, आणि चौथा विद्यापीठाचा व प्रवासाचा. प्रवास त्यानें शेवटच्या विभागांत ठेविला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ज्यास स्वतःची भाषा व स्वतःचें घर नीट कळलें, त्यासच परक्याच्या घरांतील वेगळेपण ओळखूं येतें.

परंतु प्रवास घडला म्हणजे मन उदार झालेंच, असें नाहीं. जपानांत शाळेच्या सहलीची प्रथा फार दृढ आहे. तोक्यो येथील शिक्षकांच्या प्रशिक्षणशाळेनें फेब्रुवारी १८८६ मध्यें आपल्या विद्यार्थ्यांस चिबा प्रांतांत पायीं लांबच्या प्रवासास नेलें, तेथून या प्रथेचा आरंभ मानितात. पुढें रशियाशीं चाललेलें युद्ध १९०५ सालीं संपलें, आणि लगेच १९०६ सालीं शिक्षणखातें व लष्कर यांच्या साहाय्यानें विद्यार्थ्यांच्या तुकड्या मांचुरिया व कोरिया येथें नेण्यांत आल्या. त्यांस तेथील रणभूमि दाखविण्यांत आल्या. मुलांनीं समुद्र ओलांडला खरा. पण त्यांनीं पाहावयाचें तें मुख्यतः आपल्याच सैन्याच्या पराक्रमाचें स्थळ! अशा प्रवासानें अभिमान वाढतो; शेजाऱ्याची ओळख होत नाहीं.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहूं. फ्रान्स व जर्मनी हे शेजारी देश १८७०, १९१४ व १९३९ या तीन सालीं एकमेकांवर शस्त्र घेऊन उठले. आजा, बाप व नातू अशा तीन पिढ्या त्या वैरांत भरडल्या गेल्या. अखेर २२ जानेवारी १९६३ रोजीं फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल व जर्मनीचे प्रधान आडेनाउअर यांनीं पॅरिस येथें मैत्रीचा तह केला, आणि त्याच वर्षीं ५ जुलै रोजीं दोन्ही देशांतील तरुणांच्या भेटीगांठींसाठीं एक संयुक्त संस्था स्थापन झाली. तिच्या साहाय्यानें आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांस अशा भेटीगांठींचा लाभ झाला आहे.

तेथील शाळांच्या अदलाबदलीची रीत साधी आहे. विद्यार्थी उपाहारगृहांत न उतरतां तिकडच्या विद्यार्थ्याच्या घरीं राहतो, त्याच्याबरोबर शाळेंत जातो, त्याच्या आईच्या हातचें जेवतो. कांहीं काळानें तोच यजमान पाहुणा होऊन याच्या घरीं येतो. यानें राहण्याजेवण्याचा खर्च वांचतो, आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, दोन कुटुंबें एकमेकांच्या ऋणांत राहतात. ज्याच्या ताटांत आपण जेवलों, त्याचा द्वेष करणें कठीण जातें. २००३ सालीं बर्लिन येथें दोन्ही देशांचे तरुण एकत्र जमले असतां त्यांनीं उभय देशांच्या शाळांसाठीं इतिहासाचें एकच पाठ्यपुस्तक असावें, अशी मागणी केली. आणि २००६ सालीं त्याचा पहिला भाग दोन्ही भाषांत निघाला.

परदेश कसा पाहावा, याचा धडा आपल्या महाराष्ट्रांतही आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. तेथील अनुभवांवर त्यांनीं लिहिलेलें मराठी पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. तेथील स्त्रीशिक्षणाची व लोकसंस्थांची त्यांनीं मनमोकळी प्रशंसा केली. परंतु काळ्या लोकांवर होणारा अन्यायही त्यांच्या नजरेंतून सुटला नाहीं. चांगलें तें चांगलें व वाईट तें वाईट म्हणण्याची ही दृष्टि आली, तरच प्रवास सफल झाला.

यावरून पालकांस आमची विनंति अशी आहे. मुलास पाठविण्यापूर्वीं केवळ स्थळांची यादी पाहूं नये. तेथील मुलांशीं व कुटुंबांशीं त्याची गांठ पडणार आहे काय, हें शाळेस विचारावें. ऐपत नसतां कर्ज काढून पाठवूं नये, आणि जो जाऊं शकला नाहीं त्यास घरीं वा शाळेंत कमीपणा वाटूं देऊं नये. शाळेनेंही जाण्यापूर्वीं त्या देशाविषयीं वाचन करून घ्यावें, प्रवासांत रोज टिपणवही लिहवून घ्यावी, आणि परत आल्यावर सर्व वर्गापुढें हकिकत सांगवावी, म्हणजे एकाचा लाभ चाळिसांस मिळेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं थोड्यांसच समुद्रापलीकडे जाण्याचा योग येईल. पण तुमच्याच वर्गांत दुसरी भाषा बोलणारा, दुसरे सण पाळणारा एखादा सोबती आहे. या सुट्टींत त्याच्या घरीं दोन दिवस राहा, आणि मग त्यास आपल्या घरीं बोलवा. घरच्या मंडळींचीं नांवें विचारा, त्यांच्या भाषेचे दहा शब्द शिका, आणि पाहिलेलें वहींत लिहून ठेवा. उद्यां परदेशीं गेलां तर हीच संवय तुमच्या उपयोगी पडेल. आणि न गेलां, तरी तुमचें कांहीं अडणार नाहीं.