पोटाचे ऐका, पण उपाशी राहू नका

अभ्यासपाठ : आरोग्य
वाचनासाठी : १ तीमथ्य ५:२३, रोमकरांस १४ वा अध्याय



तीमथ्याचे पोट वरचेवर बिघडत असे. पौल त्याला पत्रात त्याबद्दल लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासावर बोट ठेवत नाही; त्याने काय प्यावे हे सांगतो. त्या काळी थोडा द्राक्षारस औषध म्हणून घेत. आज सल्ला वेगळा मिळेल, पण पौलाची रीत आपल्या उपयोगाची आहे : माणसाचे दुखणे खरे मानावे आणि त्याच्या खाण्यापिण्यात काय बदलता येईल ते पाहावे.

आपल्या मंडळ्यांत अशी अनेक माणसे आहेत. पोटात कळ येते, गॅस धरतो, कधी चार वेळा शौचाला जावे लागते, तर कधी तीन दिवस होत नाही. तपासण्या केल्या तर सगळे ठीक. मग घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." अशी व्यक्ती हळूहळू एसटीचा प्रवास टाळते, प्रीतिभोजनाला येत नाही, आणि पाड्यावर सेवेला जायचे असले की आदल्या रात्रीपासून जेवण सोडते. हा पाठ त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर जेवणाऱ्यांसाठी आहे.

१. हे दुखणे काय आहे?

डॉक्टर याला 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' किंवा 'आयबीएस' म्हणतात. आतड्याला जखम किंवा गाठ नसते. आतडे आणि मेंदू यांच्यातील मज्जातंतूंचे दळणवळण बिघडते, त्यामुळे थोडासा गॅसही कळ होऊन जाणवतो. २०१६ सालच्या 'रोम ४' निकषांप्रमाणे लक्षणे किमान ६ महिन्यांपूर्वी सुरू झालेली असावीत. गेल्या ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेले असावे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असावा. काळजीने त्रास वाढतो हे खरे, पण म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

२. आधी डॉक्टर, मग ताट

पुढीलपैकी काहीही असेल तर घरगुती पथ्यावर थांबू नका : शौचातून रक्त, कारण नसता घटणारे वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग, जंत आणि अमिबाची लागण ही दुखणी सुरुवातीला अशीच दिसतात. गव्हाची चपाती बंद करण्याआधी सीलिअॅक रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी; गहू सोडल्यानंतर ती तपासणी फसवी येऊ शकते.

३. कोल्हापूरचे ताट

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास एक आहारपद्धत मांडली. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पुढे मोठ्या आतड्यात जातात, तेथील जिवाणू त्या आंबवतात, गॅस होतो आणि पाणी ओढले जाते. अशा पदार्थांना 'फॉडमॅप' असे नाव आहे. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये, दूध, आंबा, सफरचंद, फ्लॉवर हे त्यातले आपल्या ओळखीचे.

आता राजारामपुरीतल्या कुठल्याही गल्लीतले रविवारचे जेवण आठवा. कांदा-लसूण मसाला, वर तेलाचा कट, चपाती, नंतर दूध घातलेला चहा. नाश्त्याला मिसळ असेल तर मटकीची उसळ, कट आणि वरून कच्चा कांदा. निरोगी पोट हे पचवते. नाजूक पोटाला मात्र तिखट, तेल, कांदा आणि कडधान्य हे चारही एका बैठकीत भेटतात.

सगळी चव सोडावी लागत नाही. कांदा-लसणातली त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून रश्श्यातून कांदा वेचून काढून उपयोग नाही, पण गरम तेलात लसूण परतून तो काढून टाकला तर तेलाला स्वाद राहतो आणि पोट शांत राहते. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग, जिरे, आले, कोथिंबीर यांनीही चव येते. चपातीऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, नाहीतर भात. दुधाऐवजी थोडे दही किंवा ताक. भाज्यांत गाजर, पालक, वांगे, काकडी. फळांत पपई, संत्रे.

४. पायरीपायरीने

पहिले दोन आठवडे काहीही बंद करू नका. काय खाल्ले, किती वाजता, पोट कसे होते, एवढे वहीत लिहा.

त्यानंतर सोप्या गोष्टी करा. वेळेवर जेवा, सावकाश चावा, रात्रीचे जेवण हलके ठेवा, पाणी पुरेसे प्या. चहा-कॉफी दिवसाला ३ कपांपेक्षा जास्त नको. तिखट आणि तेल निम्मे करा. पुष्कळांना एवढ्यानेच उतार पडतो. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल थोड्या प्रमाणात, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. गव्हाच्या कोंड्याने मात्र अनेकांचा त्रास वाढतो.

याने भागले नाही तरच, शक्यतो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वरील पदार्थ २ ते ६ आठवडे कमी करा. मग एकेक पदार्थ परत आणा : पहिल्या दिवशी थोडा, तीन दिवसांत वाढवत. जो सोसतो तो ठेवा. दूध चालते पण कांदा चालत नाही, किंवा उलटे, असे प्रत्येकाचे वेगळे असते. परत आणण्याची पायरी कधीही गाळू नका. बरे वाटले म्हणून बंदी कायम ठेवली तर अन्नातली विविधता आणि शरीराची ताकद दोन्ही जातात.

५. ज्यांच्या ताटात आधीच थोडे आहे

हा मुद्दा आपल्या सेवकांनी विशेष लक्षात घ्यावा. डोंगरातल्या वस्तीवर डाळ हेच बहुधा रोजचे प्रथिन असते. तेथे पोट दुखते म्हणणाऱ्या आईला "डाळ सोड, दूध सोड" असे सांगणे धोक्याचे आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि अशक्त माणसे यांना हे पथ्य परस्पर सांगू नये. वस्तीवर आधी पिण्याचे पाणी, जंत आणि क्षयरोग यांचा विचार करावा. जुलाब असतील तर ओआरएस द्यावे आणि आरोग्य केंद्रात न्यावे. डाळ बंद करण्याऐवजी ती भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात मऊ शिजवली तर पुष्कळदा सोसते. नाचणी आणि भात हे तर तेथलेच अन्न आहे. पाहुणा सेवक आला म्हणून उसन्या गव्हाची चपाती करणाऱ्या घराला, "भाकरीच वाढा, मला तीच मानवते," असे मोकळेपणाने सांगावे. पोटही राखले जाते आणि घराचा मानही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून अनेकजणी दिवसभर पाणी पीत नाहीत, जेवत नाहीत, आणि रात्री एकदम जेवतात. त्याने आतडे अधिकच बिघडते. दौऱ्याची आखणी करणाऱ्यांनी थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात. हे कामही सेवेचाच भाग आहे.

६. एका पंगतीत

आग्रह करणे ही आपली प्रेमाची रीत. पण "एवढ्याने काय होतंय, घ्या की" या वाक्याने कुणाची तरी रात्र वाईट जाते. मंडळीच्या जेवणात एक पातेले कांदा-लसणाशिवायचे आणि बेताच्या तिखटाचे ठेवायला फारसा खर्च नाही. त्या एका पातेल्यामुळे घरी बसलेली व्यक्ती पंगतीला येऊ शकते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत जेवणाला न येणारे कोण आहेत? कारण कधी विचारले आहे का?
२. रोमकरांस १४ वाचा. दुसऱ्याच्या ताटाबद्दल आपण कसे बोलतो?
३. पुढच्या दौऱ्यात जेवण, पाणी आणि शौचालय यांची सोय कोण पाहील? नाव ठरवून लिहून ठेवा.