कुत्र्याचा खाऊ आणि फोडणीतला कांदा

नेवासे तालुक्यातील कुत्र्याला भाजी कोणती घालावी, या प्रश्नाचा विचार कांद्यापासूनच सुरू करावा लागतो. कारण घोडेगावच्या बाजारामुळे कांदा या भागात घरोघरी असतो आणि शनिशिंगणापुरात तर परंपरेने घरांना दारेच नसल्याने ओसरीवरच्या ढिगापासून कुत्र्याला अडवणारे फारसे काही नसते. कांदा, पात आणि त्यांहून तीव्र असलेला लसूण यांतील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य, बिघडवतात. त्याचे साकळलेले कण (यांना हाइन्झ बॉडी म्हणतात) पेशीच्या आवरणाला चिकटतात, अशा पेशी अकाली फुटतात आणि पांडुरोग, म्हणजेच रक्तक्षय, होतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे अर्धा टक्का कांदा एकाच वेळी पोटात गेल्यास विषबाधा संभवते. वीस किलोच्या गावठी कुत्र्यासाठी हे प्रमाण 100 ग्रॅम, म्हणजे एखादा मध्यम कांदा, इतकेच ठरते.

शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही, आणि खरी मेख येथेच आहे. सोललेला कच्चा कांदा कुत्रे सहसा आवडीने खात नाही. परंतु कांदा-लसणाच्या वाटणाचा रस्सा चतकोर भाकरीवर ओतून दिला, तर ते ताट चाटूनपुसून स्वच्छ करते, आणि अशी थोडी थोडी मात्रा रोज पोटात जात राहिली तरी अपाय होतो. लक्षणे बहुधा काही दिवसांनी उमटतात, त्यामुळे मलूल झालेल्या कुत्र्याच्या फिकट हिरड्यांचा, जलद श्वासाचा किंवा तांबूस-तपकिरी लघवीचा संबंध तीन-चार दिवसांपूर्वीच्या रश्श्याशी कोणी जोडत नाही.

म्हणून भाजी द्यायची ती फोडणीपूर्वी बाजूला काढलेली असावी. गाजर, सालासकट काकडी, वाफवलेला लाल भोपळा, घेवड्याच्या उकडलेल्या शेंगा ही निवड उत्तम होय. गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ तयार करण्याची क्षमता कुत्र्यात असते, मांजरात ती जवळजवळ नसते. कुत्र्याला दाढांनी अन्न आडवे दळून बारीक करता येत नसल्याने गाजराचे लहान तुकडे करावेत अथवा ते किसावे, अन्यथा ते जसेच्या तसे विष्ठेत दिसते. दुधी द्यायचा झाल्यास आधी स्वतः चाखावा व कडू लागला तर टाकून द्यावा. हिरवट पडलेला किंवा मोड आलेला बटाटा वर्ज्य. मक्याचे दाणे चालतात, पण दाणे काढलेले कणीस आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आणते. द्राक्षे व मनुका भाज्या नव्हेत, तरीही सांगणे आवश्यक आहे, कारण प्रसादातून त्या सहज पोहोचतात आणि मूत्रपिंड निकामी करू शकतात. चिंचेतही असलेले टार्टरिक आम्ल त्यास कारण मानले जाते.

वरखाऊचा वाटा दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालणाऱ्या भाविकाची श्रद्धा समजण्यासारखी आहे. मात्र एकाच कुत्र्यापुढे दिवसभर अशा अनेक पोळ्या पडल्या, तर अतिस्निग्ध आहाराने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, यास्तव पोळी कोरडी व चतकोरच द्यावी.

कांदा किंवा मनुका खाल्ल्याचे लक्षात येताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्यकाकडे न्यावे व किती आणि केव्हा खाल्ले ते सांगावे. मिठाचे पाणी पाजून घरी उलटी करवू नये.